काटा रुतला, पण कळलंच नाही! पायाची संवेदना टिकते कशामुळे?

पुणे-सातारा महामार्गावर कामथडी सोडून आत वळलं की पावसाळ्यात भातखाचरं लागतात. लावणीला चिखलात अनवाणी उतरावंच लागतं. चिखलात काटा किंवा काच असेल, तर पाय आपोआप मागे येतो. पण दहा-बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाचा पाय मागे येईलच, याची खात्री नाही. जखम थेट संध्याकाळी पाय धुताना दिसते. कधी कधी तर पाय सुजल्यावरच लक्षात येते.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे बधिर पाय हा आता फक्त शहरातला प्रश्न राहिलेला नाही.

संवेदनेची नस जगते कशी?

तळपायाची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेची मूळ पेशी पायात नसते, ती कमरेच्या मणक्याजवळ असते. तिथून जवळपास मीटरभर लांबीचा तंतू तळपायापर्यंत येतो.

गर्भात अशा पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. त्वचेतून 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' म्हणजेच एनजीएफ हे प्रथिन थोडंच स्रवतं. ज्या तंतूच्या टोकाला ते मिळतं, तिथे ट्रक-ए नावाचा ग्राहक रेणू ते पकडतो आणि 'जगा' हा संदेश मूळ पेशीपर्यंत जातो. ज्यांना ते मिळत नाही, त्या पेशी मरतात. ट्रक-एच्या जनुकातच दोष असलेली बाळं जन्मापासून वेदना जाणू शकत नाहीत.

मोठेपणीही वेदनेच्या तंतूंना ही रसद लागते. मधुमेहात वाढलेली साखर नसांना आणि त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करते, त्यात ही रसदही घटते. सगळ्यात लांबचे तंतू आधी कोलमडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. कुष्ठरुग्णांच्या बधिर त्वचेतही एनजीएफ कमी आढळलं आहे.

अंड्यातून नोबेलपर्यंत

रीटा लेवी-मोन्ताल्चिनी या इटलीतल्या ज्यू शास्त्रज्ञ. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं. त्यांनी घरच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या नसा तपासल्या. पुढे अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत एनजीएफचा छडा लागला. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मग एनजीएफचं इंजेक्शन का देत नाहीत?

देऊन पाहिलं. मधुमेहाच्या १,०१९ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २००० मध्ये आला. ठोस फायदा दिसला नाही, उलट इंजेक्शनच्या जागी दुखायचं. कारण एनजीएफ नस जगवतं, तसंच वेदनाही तीव्र करतं.

मग उलटा प्रयत्न झाला. सांधेदुखीसाठी एनजीएफ अडवणारं टॅनेझुमॅब हे औषध आलं. वेदना कमी झाली, पण काहींचे सांधे झपाट्याने झिजले. २०२१ मध्ये कंपन्यांनी ते सोडून दिलं. डोळ्याच्या बुबुळाची संवेदना गेलेल्या रुग्णांसाठी मात्र एनजीएफचे थेंब मंजूर झाले आहेत. बधिर पाय पूर्ववत करणारं औषध आजही नाही.

औषध नाही, तर तपासणी हवी

गेलेली संवेदना परत आणता येत नसेल, तर ती जाताना पकडली पाहिजे. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवायचा आणि 'कळतंय का?' विचारायचं. काही मिनिटांचं काम आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय वर्षातून एकदा तरी असे तपासावेत, ही जगन्मान्य शिफारस आहे.

भोर-वेल्ह्याच्या आरोग्य केंद्रांत शुगर मोजताना चपला काढून पाय पाहणंही सक्तीचं व्हावं, तेही लावणीच्या आधी. कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायांसाठी मऊ तळाच्या एमसीआर चपला मोफत दिल्या जातात. पाय कुष्ठरोगाने बधिर झाला की साखरेने, काट्याला फरक पडत नाही. मग सरकारी चपलेने तरी तो का करावा?

तोवर घरच्यांनी एवढं करावं: शेतातून आल्यावर पाय धुवून, पुसून, तळवे उजेडात पाहावेत. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा तळवा दिसत नाही, त्यांचा दुसऱ्याने पाहावा. चिखलात गमबूट घालावेत. आणि 'दुखत नाही' म्हणून जखमेकडे दुर्लक्ष करू नये. मधुमेहात न दुखणारी जखमच जास्त धोक्याची असते.