न्यायासनापुढील नजराणा

इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर फ्रान्सिस बेकन याने १६२१ साली लाचलुचपतीचे २८ आरोप कबूल केले, ४०,००० पौंडांचा दंड आणि लंडनच्या टॉवरमधील कैद त्याच्या नशिबी आली, तरीही नजराण्यांपायी आपला निवाडा फिरला नाही हा दावा त्याने सोडला नाही. आणि गंमत अशी की, त्याच्याविरुद्ध फिर्याद घेऊन पुढे आलेल्या पक्षकारांपैकी ऑब्रीने १०० व एगर्टनने ४०० पौंड मोजूनही निकाल दोघांच्याही विरुद्धच गेले होते! न्यायदानावर स्वतंत्र निबंध लिहिणारा हा प्रज्ञावंत खोटे बोलत होता, असे आम्हांस वाटत नाही. तो स्वतःस ओळखत नव्हता, एवढेच. उपकाराचा भार बुद्धीवर नकळत पडतो, आणि स्वतःच्या सचोटीविषयीची खात्री जितकी दृढ तितकी सावधगिरी शिथिल होते, म्हणूनच न्यायदानातील लाचलुचपतीचे संशोधन दंडविधानाच्या कलमांवर न थांबता न्यायाधीशाच्या मनोव्यापारापर्यंत गेले पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्वीकारलेल्या आचारमूल्यांत, आप्त व मित्र यांखेरीज कोणाचीही भेट वा पाहुणचार न्यायाधीशाने घेऊ नये, असे म्हटले आहे. निकाल फिरला की नाही, ही पृच्छाच तेथे नाही, आणि आमच्या मते तेच यथायोग्य आहे.