घरातली मुलाखत

मुरबाड तालुक्यातला एक मुलगा संगणक कंपनीच्या मुलाखतीत गप्प बसला. प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. सांगायची सवय नव्हती. आमच्याकडे आला तेव्हा डोळे भरले होते. दोष त्याच्या एकट्याचा नाही. 'अभ्यास कर' असे आपण म्हणतो, 'काय केलेस ते सांग' असे म्हणत नाही.

पालकहो, जेवणे झाल्यावर मुलामुलींना विचारा : प्रोग्राम काय करतो? कुठे अडला? चूक कशी सापडली? आधी मराठीत सांगू द्या, मग इंग्रजीत. येत नसेल ते 'येत नाही' म्हणावे. थाप पुढच्याच प्रश्नात उघडी पडते.

मुलाखत ऐरोलीला असल्यास शहापूरकरांनी आसनगावहून लोकल धरून ठाण्याला गाडी बदलावी. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणपर्यंत एस. टी. पहाटेच निघावे.