थिअरी आहे, पंच कुठायत?

एसीपी प्रद्युम्न मेलेले नाहीत, हे ओळखायला कुणी डिटेक्टिव्ह लागत नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये 'सीआयडी'च्या नव्या पर्वात बार्बोसा नावाच्या खलनायकानं घडवलेल्या स्फोटात ते गेले. सोनी टीव्हीनं रीतसर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. त्यांच्या खुर्चीवर पार्थ समथान एसीपी आयुष्मान बनून आला आणि आपण सगळे कामाला लागलो. शिवाजी साटमांचा करार संपला असेल. छे, ते सुट्टीवर गेलेत. छे, चॅनेल अंदाज घेतंय, टीआरपी घसरला की परत आणतील. काही आठवड्यांत साटम परत आले आणि ज्यांनी तसं भाकीत केलं होतं त्यांनी 'बघा, म्हणालो नव्हतो?' असं स्टेटस ठेवलं.

त्या थिअऱ्या आठवून बघा. एकीतही तपास नव्हता. स्फोटाच्या वेळी कोण कुठे उभं होतं, आधीच्या भागात कुठला धागा अर्धवट सुटला होता, हे फारसं कुणी विचारलंच नाही. विचारून उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. डिटेक्टिव्ह मालिकेचा प्रेक्षक आता खुनी ओळखत बसत नाही, तो चॅनेलचं वेळापत्रक ओळखतो.

मी नगरच्या कोर्टात एका वकिलांकडे ज्युनिअर आहे. जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. माझं गाव जामखेड तालुक्यात. 'सीआयडी' बघतच मोठी झाले, त्यामुळे थिअरी करणाऱ्यांना हसणाऱ्या शहाण्यांमध्ये मी नाही. पडद्यावर दिसतं त्याच्या मागे काय असेल, असा प्रश्न पडणं हे चांगल्या डोक्याचं लक्षण आहे. माझं भांडण वेगळं आहे. आपण थिअऱ्या फार स्वस्तात करतो. आणि ही सवय टीव्ही बंद केल्यावर संपत नाही.

आधी मालिकेचं बोलू. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली 'सीआयडी' ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली, १,५४७ भाग झाले. २००४ मध्ये या लोकांनी १११ मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय चित्रित केला. त्याआधी बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत होती आणि तिच्या गोष्टी मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेल्या असायच्या. म्हणजे या माणसांना तपास काय असतो हे माहीत नव्हतं असं नाही.

तरी या मालिकेनं आपल्याला खुनी ओळखायला कसं शिकवलं? एक: ओळखीचा नट दोन मिनिटांच्या भूमिकेत दिसला की तोच खुनी, उगाच कुणी एवढे पैसे देऊन बोलावणार नाही. दोन: जो पहिल्या दहा मिनिटांत फार संशयास्पद वागतो तो नक्की नाही. तीन: घड्याळ बघा, शेवटची दहा मिनिटं राहिली असतील तर आता जो खोलीत आहे तोच. हे सगळे अंदाज बरोबर येतात, मीही त्यावर चहा जिंकलेत. पण त्यात गुन्ह्याकडे एकदाही बघावं लागत नाही.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. त्यातल्या एकाचा अर्थ असा की, डिटेक्टिव्हला जो धागा सापडेल तो वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार आहे. डॉक्टर साळुंखे परीक्षानळीत दोन थेंब टाकतात, रंग बदलतो आणि जे विष आपण कधी पाहिलंच नव्हतं ते सापडतं, तेव्हा हा करार मोडतो. खऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला कधीकधी महिने जातात, ती गोष्ट निराळीच. करार एकीकडून मोडला की दुसरीकडूनही मोडतो. मग प्रेक्षक पुरावा शोधणं सोडतो आणि नट, घड्याळ, करार, टीआरपी यांच्यावरून अंदाज बांधतो. निर्मात्यांनी एसीपींना मारून परत आणलं, त्यात त्यांनी याच सवयीचे पैसे केले.

आता शेवटच्या दहा मिनिटांकडे या. दया दार तोडतो, एक थप्पड बसते आणि खुनी घडाघडा सगळं सांगतो. गोष्ट संपली. आमच्याकडे खटला इथून सुरूही होत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ आहे. कारण उघड आहे: थप्पड मारून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू, समजा कोयता, सापडली, तर त्या शोधापुरता भाग चालतो. पण तिथेही पंच लागतात. दोन साधी माणसं, ज्यांच्या समक्ष आरोपीनं जागा दाखवली, कोयता निघाला, लाखेचं सील लागलं आणि ज्यांनी सही केली. वर्षांनंतर त्यांनी कोर्टात येऊन 'हो, माझ्यासमोर निघाला' असं सांगावं लागतं आणि उलटतपासणीत टिकावं लागतं. 'सीआयडी'त पंच बोलावल्याचं मला तरी आठवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा एक निकाल आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकायला लावतात: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसेल आणि केवळ परिस्थितीजन्य पुरावा असेल, तर तो कसा जोखायचा याच्या पाच अटी त्यात आहेत. न्यायालयानं त्यांना 'पंचशील' म्हटलंय. सोप्या भाषेत सांगायचं तर ज्या गोष्टींवरून निष्कर्ष काढायचा त्या आधी पक्क्या सिद्ध झालेल्या हव्यात. त्या सगळ्या आरोपीच्या दोषाशीच जुळायला हव्यात आणि निर्णायक हव्यात. दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी बाद करायला हवी. आणि साखळी पूर्ण हवी, एकही कडी सुटी नको. 'त्यानं केलं असेल' आणि 'त्यानंच केलं असलं पाहिजे' यांच्यात फार मोठं अंतर आहे, हे त्या निकालाचं सार.

आपल्या थिअऱ्या या अंतराच्या अलीकडच्या काठावर मजेत बसलेल्या असतात. मालिकेपुरतं असेल तर बसू देत. पण २०२० मध्ये काय झालं? १४ जूनला सुशांतसिंह राजपूत गेला आणि अख्ख्या देशानं एसीपी प्रद्युम्नसारखी बोटं फिरवायला सुरुवात केली. कुणी गळ्यावरच्या खुणेचा फोटो मोठा करून बघत होतं, कुणी ज्यूसच्या ग्लासवर व्हिडिओ काढत होतं. रिया चक्रवर्ती सप्टेंबरमध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक होऊन जवळपास महिनाभर तुरुंगात होती आणि लोकांच्या दृष्टीनं ती खुनाचीच आरोपी होती. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. पाच वर्षं थिअरी करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो विषय परत काढला? पुढच्या पंधरा दिवसांत एसीपी 'गेले' आणि आपण नव्या केसवर रुजू झालो.

ही मुंबईची गोष्ट झाली. आता आमच्या जिल्ह्यातल्या दोन बघा.

१ जानेवारी २०१३. नेवासा तालुक्यातलं सोनई. सफाईकाम करणाऱ्या तीन दलित तरुणांचा निर्घृण खून झाला, कारण त्यांच्यातल्या एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं. खटला नाशिकला चालला. प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार नव्हता. कडीला कडी जोडत परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी उभी केली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. फाशीच्या बाजूनं मी नाही, पण तो वाद वेगळा. मुद्दा असा की कुणी पाहिलं नव्हतं तरी गुन्हा सिद्ध झाला.

२८ एप्रिल २०१४. आमच्याच जामखेड तालुक्यातलं खर्डा. सतरा वर्षांचा दलित मुलगा. गावातल्या सवर्ण मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून त्याला दिवसाढवळ्या मारहाण करून ठार केलं, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. दिवसाची वेळ, भरलं गाव. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयानं आरोपींची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयासमोर पुरावाच नसेल तर न्यायालय दुसरं काय करणार? मी इथे 'खरे खुनी कोण' अशी थिअरी मांडणार नाही, माझ्याकडेही पुरावा नाही. एवढंच म्हणते की एक मुलगा गेला आणि त्या निकालानंतर कागदोपत्री त्याला कुणीही मारलेलं नव्हतं.

तेव्हा टपऱ्यांवर, एसटीत, पारावर प्रत्येकाकडे थिअरी होती. सांगणारे आवाज खाली आणून सांगायचे, पण सांगायचे. कोर्टात मात्र नाव, वय, धंदा, राहणार कुठे हे सांगून शपथेवर बोलावं लागतं. तिथे 'मी काही पाहिलं नाही' एवढंच ऐकू येतं.

फितूर झालेल्या साक्षीदाराला भित्रा म्हणून मोकळं होणंही स्वस्तच आहे. त्याला संध्याकाळी त्याच गावात परतायचं असतं. बांधाला बांध लागून असतो, मजुरी त्याच वाड्यावर असते, पोरगी त्याच रस्त्यानं शाळेत जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ३९८ खाली प्रत्येक राज्यानं अशी योजना आणायचीय. ही माहिती तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? दयानं किती दारं तोडली हे मात्र सगळ्यांना सांगता येईल.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे: 'अगं, करमणूक आहे, एवढं काय!' क्रिकेटही करमणूकच आहे. तरी चेंडू लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला होता की नाही यावर आपण रात्रभर भांडतो, कारण एलबीडब्ल्यूचा नियम आपल्याला पाठ असतो. नियमामुळे मजा कमी होत नाही, भांडण अधिक रंगतं. मग खुनाच्या खेळातच नियम नकोसे का होतात?

दुसरं उत्तर: 'पंच, पंचनामा, उलटतपासणी कोण बघेल? कंटाळवाणं होईल.' अमेरिकेतली 'कोलंबो' ही मालिका १९७१ पासून वर्षानुवर्षं गाजली. तिच्यात खुनी कोण हे साधारणपणे सुरुवातीलाच दाखवून टाकायचे. उरलेला सगळा वेळ एकच प्रश्न: चुरगळलेला कोट घातलेला हा गबाळा पोलीस ते सिद्ध कसं करणार? लोक जागचे हलायचे नाहीत. लांब कशाला, झी मराठीवरची 'देवमाणूस' २०२० मध्ये आली. वाई परिसरात उघडकीला आलेल्या हत्याकांडावर बेतलेली. डॉक्टर काय करतोय हे घराघरातल्या आजीलाही पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, तरी ती रोज बसायची. 'कोण' हे माहीत असूनही मराठी प्रेक्षक थांबतो, हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा निर्मात्यांनी प्रेक्षकाच्या नावानं रडणं बंद करावं. आमच्या जिल्ह्यात 'कोण' हा प्रश्न बहुतेकदा गावाला पडलेलाच नसतो. 'सांगणार कोण' हे खरं रहस्य आहे आणि त्यावर अजून कुणी मालिका काढलेली नाही.

ती येईपर्यंत आपल्या हातात आपल्या थिअऱ्या आहेत. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की खुनी तोच, तर त्याला विचारा: कुठल्या भागात, कुठल्या प्रसंगात दिसलं? दुसरं कुणी करू शकलं असतं का, आणि नसेल तर का नाही? कोर्टात हे कुणाच्या तोंडून येणार? नट, टीआरपी आणि प्रोमो हे पुरावे म्हणून बाद. अर्ध्या थिअऱ्या तिथेच गळतील. उरलेल्या ऐकायला मजा येईल.

आणि हा सराव वाया जाणार नाही. कुठल्या तरी गावात पोलिसांची गाडी थांबते, हवालदार उतरून 'पंच म्हणून दोघं या' म्हणतो आणि दोन मिनिटांपूर्वीपर्यंत केस सोडवत बसलेली टपरी मोकळी होते. कुणाला दूध घालायचं असतं, कुणाला पाणी द्यायचं असतं. पोलिसांना मग नेहमीचेच दोन पंच सापडतात, जे दर खटल्यात सही करतात आणि उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत पडतात. तुम्ही तरुण आहात, डोळे तीक्ष्ण आहेत, दोन सेकंदांच्या प्रोमोतलं घड्याळ तुम्हाला दिसतं. त्या दिवशी टपरीवरून उठू नका. कोयता कुठून निघाला, किती वाजले होते, सील कुणी लावलं, हे नीट बघा, वाचून सही करा आणि समन्स आलं की नगरला या. जिल्हा न्यायालयाच्या आवारात चहा माझ्याकडून.