ज्याला गुण नाहीत असा एक तास

वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस २०२४ साली सबंध देशातून २३ लक्षांहून अधिक मुलेमुली बसली. जागा मात्र एक लक्षाहून थोड्याच अधिक. हे त्रैराशिक सोडविण्यास पाटीची गरज नाही. आपल्या वऱ्हाडात या तयारीचे मोठे ठाणे म्हणजे अकोला. आसपासच्या जिल्ह्यांतील मुले तेथे खोली करून राहतात, खानावळीत जेवतात, दिवसा शिकवणीस जातात, रात्री प्रश्नपत्रिका सोडवितात. आणि चाचणी झाली की आपला क्रमांक कितवा, याची चिंता वाहतात. राजस्थानातील कोटा शहरी तर २०२३ या एका वर्षात वीसांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्मघात केला. १६ वर्षांखालील मुलांस शिकवणीवर्गांत घेऊ नये, अशी सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढली, ती योग्यच होय. परंतु जो भार घरातूनच मुलाच्या शिरावर चढतो, तो सरकारने कसा उतरवावा?

परीक्षा सोडून द्या, असे आम्ही म्हणत नाही. आमचे सारे आयुष्य गुण देण्यातच गेले. म्हणूनच त्यांनी काय मोजता येते व काय मोजता येत नाही, हे थोडेबहुत आम्हांस ठाऊक आहे. आमचे सांगणे इतकेच की, मुलाच्या दिवसात एक तास असा असावा की ज्याला गुण नाहीत.

संस्कृतात 'छन्द' म्हणजे स्वतःची इच्छा, आणि 'छन्दस्' म्हणजे वृत्त. इच्छा व नियम यांची नावे इतकी जवळची असावीत, हे अर्थपूर्ण आहे. याचे उदाहरण अमरावतीतच आहे. कविवर्य सुरेश भट यांचा जन्म १९३२ साली याच शहरी झाला. बालपणीच पोलिओने त्यांचा पाय अधू झाला. पदवीच्या अंतिम परीक्षेत दोनदा अपयश पचवून ते १९५५ साली विदर्भ महाविद्यालयातून बी. ए. झाले. त्यांनी ज्या गझलेचा ध्यास घेतला, तिचे नियम मोठे कडक. प्रत्येक शेर वृत्तात हवा, यमकाचा काफिया हवा, रदीफ असल्यास तोही अखेरपर्यंत सांभाळावयास हवा. तिला परीक्षक नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. पुढे नवोदितांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. छंद म्हणजे आळस असे मानणाऱ्यांनी ही बाराखडी एकदा चाळावी. आपण होऊन पत्करलेले श्रम मनास थकवीत नाहीत, उलट विसावा देतात.

कोणी म्हणेल, सर्वच मुले सुरेश भट होत नाहीत. खरे आहे, व्हावयासही नकोत. याच अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिक प्रसंगी मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगास दाखविले, हे भूषण खरेच. परंतु जी असंख्य मुले केवळ मल्लखांबावर चढली, घाम गाळून घरी परतली आणि शांत झोपली, त्यांचे श्रम व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?

धोका आहे तो निराळाच. मूल चित्र काढू लागले की आपण त्यास चित्रकलेच्या श्रेणी परीक्षेस बसवितो, कारण तिचे वाढीव गुण शालान्त परीक्षेत मिळतात. गाऊ लागले की स्पर्धेत उभे करितो. मग जेथे ते पळून विसाव्यास गेले होते, तेथेही आपण गुणपत्रिका घेऊन पोहोचतो! परीक्षा द्यावयाची की नाही, हे निदान त्या मुलास ठरवू द्यावे.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. आजोबांनी, काकांनी, आत्याबाईंनी त्या एका तासाविषयी 'याचा पुढे उपयोग काय?' हा प्रश्न करू नये. आईने तेवढा वेळ मुलास हाक मारू नये. पाहुण्यांपुढे त्याचे प्रदर्शनही मांडू नये. मुलाने होऊन काही दाखविले, तर कौतुकाने पाहावे, आणि पहिला कोण आला हे विचारू नये.