खिळ्याला जन्मतारीख नसते

मेटल डिटेक्टर घेऊन माळरानं पालथी घालणाऱ्या माझ्या मित्रांना हा लेख आवडणार नाही. हरकत नाही. दोन वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो.

कळंब्यात चुलत्यांच्या शेतात मी एका उन्हाळ्यात ४१ खिळे काढले. चौकोनी अंगाचे, चपट्या डोक्याचे, गंजून फुगलेले. सगळे एकाच बादलीत टाकले, रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशनं घासले. मग इंटरनेटवरचा तक्ता उघडला. चारी बाजूंनी निमुळता म्हणजे हातानं घडवलेला, साधारण १८०० सालाआधीचा. दोनच बाजूंनी निमुळता म्हणजे पत्र्यातून यंत्रानं कापलेला, एकोणिसाव्या शतकातला. गोल तारेचा म्हणजे १८९०च्या आसपासचा किंवा नंतरचा. माझे खिळे पहिल्या रकान्यात बसले. फोटोखाली मी बेधडक 'शिवकालीन' लिहिलं, आणि वाहवा मिळवली.

तो तक्ता अमेरिकेचा आहे. यंत्राचा खिळा स्वस्त झाला आणि हाताचा मागे पडला, हा तिथला इतिहास. आपल्याकडे तारेच्या चुका दुकानात आल्यावरही लोहाराचा भाता पेटताच राहिला. खिळे एका वयस्कर लोहारमामांना दाखवले तर ते हसले. "म्हाराजांचं कुठलं रं, माझ्या बानं ठोकलेलं असतील. दाराला, गाडीला असलंच मोळं आम्ही करत हुतो."

म्हणजे आकारावरून तारीख काढणं हा आपल्याकडे शुद्ध अंदाजपंचे व्यवहार आहे. स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल इथल्या रोमन छावणीत पावणेनऊ लाखांच्या आसपास लोखंडी खिळे सापडले. त्यांचंही अंग चौकोनी आणि निमुळतं. मग ते इ.स. ८६-८७च्या सुमाराला पुरले, हे कसं ठरलं? खिळ्याच्या तोंडाकडे बघून नाही. सैन्यानं छावणी सोडताना ते कार्यशाळेतल्या खड्ड्यात पुरून ठेवले होते, आणि ती छावणी कधी सोडली हे ठाऊक आहे. तारीख खड्ड्यानं दिली.

आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळ वेगळा, बहमनी काळ वेगळा, हे त्यांना कळलं, कारण माती थराथरानं उतरवली आणि कुठल्या थरात काय मिळालं याची नोंद ठेवली. त्या नोंदीशिवाय उरतं ते भंगार. माझ्या धंद्यात डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीचा टाइमस्टॅम्प पुसून टाकणाऱ्याला कुणी संशोधक म्हणत नाही.

"आम्ही नाही काढला तर उद्या जेसीबी काढेल," हा नेहमीचा बचाव. जेसीबी काढेल हे खरं. पण जेसीबीवाला स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवून घेत नाही. कायद्याचंही गंमतीशीर आहे. १८७८च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. सोन्याच्या मोहरेला कायदा वाली आहे. गंजक्या खिळ्याला आपल्या शहाणपणाशिवाय कुणी नाही.

संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणं गुन्हाच आहे, त्यावर चर्चा नको. पण स्वतःच्या रानात नांगराला किंवा पायाच्या खणतीत खिळा लागला, तर आधी फोटो काढा. जागा, खोली, मातीचा रंग, शेजारी खापर की कोळसा, हे लिहा. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येक खिळा वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि घासू नका. खिळा ज्या लाकडात होता त्याचे तंतू कधीकधी गंजातच ठशासारखे टिकतात. यंत्राचा खिळा निघाला तर तो थर त्या यंत्राआधीचा नाही, एवढं तरी खात्रीनं म्हणता येतं. हाताच्या खिळ्यावर मात्र एकट्याच्या जोरावर शतक चिकटवू नका, महाराजांचं तर नाहीच.

चुलत्यांच्या त्याच शेतात पणजोबांचं घर होतं. ते पडलं, दगड गेले, लाकूड गेलं. नेमकं कुठं होतं ते आता घरात कुणालाच सांगता येत नाही. दार कुठं होतं, तुळया कुठं पडल्या, हे कदाचित त्या ४१ खिळ्यांच्या जागांनी सांगितलं असतं. चुलत्यांनी मला विचारलं, "कुठला कुठं घावला रं?"

माझ्याकडे फक्त बादली होती.