विचार तपासला आणि खरा निघाला तर?

ऑफिसात ‘मेंटल हेल्थ’चा वेबिनार झाला. वक्त्याने स्लाइड लावली: ‘परिस्थिती नाही, तुमचे विचार तुम्हाला त्रास देतात.’ खाली लिहिलं होतं, सीबीटी. त्या आठवड्यात मी तीन रात्री ऑन-कॉल होते आणि सकाळी दहाच्या मीटिंगलाही हजर होते. स्लाइड बघून वाटलं, म्हणजे बिघाड माझ्या डोक्यातच आहे तर!

ते वाक्य अर्धवट आहे. अर्धवट वाक्यं सोयीची असतात. ती मानली की रोस्टरला हात लावावा लागत नाही.

अल्बर्ट एलिसने १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली. त्याच्या खूप आधी, एकोणिसाव्या वर्षी, तो मुलींशी बोलायला घाबरायचा. मग त्याने ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर एकट्या बसलेल्या प्रत्येक बाईशी बोलायचं ठरवलं. (आज कृपया कुणी हे करू नये.) शंभरेक जणींशी तो बोलला. एकच भेटायला तयार झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. आरशासमोर उभं राहून ‘मी भारी आहे’ म्हटल्याने ती गेली नव्हती, करून बघितल्याने गेली.

फिलाडेल्फियात १९६०च्या दशकात ॲरन बेकने जी पद्धत उभी केली, तिचाही गाभा तपासणीच आहे. मनात आलेला विचार हे एक गृहीतक मानायचं आणि समुपदेशक व रुग्ण दोघांनी मिळून त्याचा पुरावा शोधायचा. आणि १९९६मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नैराश्य असलेल्या ज्या गटाबरोबर विचारांना हात न लावता फक्त वागण्यावर काम केलं, त्यालाही संपूर्ण उपचार घेतलेल्या गटाइतकाच फायदा झाला. मग ‘विचार बदला’ एवढंच पोस्टरवर का?

वेबिनारनंतर मी स्वतःच्या खर्चाने एका समुपदेशक मॅडमकडे गेले. त्यांनी वही घालायला सांगितली. ‘मी या कामाच्या लायकीची नाही’ या विचाराच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय? सहा आठवड्यांत दोन गोष्टी कळल्या. लायकीचा विचार खोटा होता; माझ्या चुका बहुतेक रात्रपाळीनंतरच्या होत्या. पण ‘चौघांचं काम आम्ही दोघं करतोय’ हा विचार खरा निघाला. खऱ्या विचाराचं काय करायचं, हे त्या स्लाइडवर नव्हतं. मॅडमनी सांगितलं: तो बदलायचा नाही, त्यावर काम करायचं. पुढचा गृहपाठ होता मॅनेजरशी बोलणं, आधी त्यांच्यासमोर दोनदा सराव करून.

रोस्टरमध्ये एक माणूस वाढला. क्रांती झाली नाही, झोप मात्र लागते.

माझं भांडण सीबीटीशी नाही. तिने मला वाचवलं. भांडण आहे ते तिचं एक वाक्य उचलून माणसांना गप्प बसवणाऱ्यांशी. सर्व्हर पेटलेला असताना अलर्ट म्यूट करणाऱ्याला आम्ही इंजिनिअर म्हणत नाही.

पुढच्या वेबिनारला चॅटमध्ये एवढंच विचारा: ‘विचार तपासला आणि खरा निघाला, तर कंपनी काय करणार?’