किमोआधी मला का नाही सांगितलं?

आदरणीय डॉक्टरसाहेब,

तुमच्यामुळे मी जगले, हे मी विसरणार नाही. तरीही हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण चार भिंतींच्या आत बोलायची संधी तुम्ही मला कधी दिलीच नाही.

स्तनात गाठ निघाली तेव्हा मी 33 वर्षांची होते. पदरात एक मुलगी, दुसऱ्याचा विचार चाललेला. माझ्या फायलीबद्दल तुम्ही बोललात ते ह्यांच्याशी. ‘पाळीवर थोडा परिणाम होईल,’ हे वाक्यही व्हरांड्यात ह्यांनाच सांगितलंत. संकोचापोटी ते माझ्यापर्यंत आलंच नाही. किमो चालू असताना पाळी चुकली, तेव्हा दिवस राहिले की काय या धास्तीने मी पांढरकवड्याच्या मेडिकलमधून तपासणीची पट्टी ओढणीखाली लपवून आणली. न्हाणीघराची कडी लावून त्या एका लाल रेघेकडे बघत बसले. शरीरात एवढं जहाल औषध जातंय आणि आत बाळ असेल तर, या विचाराने हात कापत होते.

पुढे कळलं की किमोतलं सायक्लोफॉस्फामाइड बीजकोशातली बीजं मारतं. चाळिशीच्या आत पाळी परतण्याची शक्यता जास्त असते, पण ती परतली तरी बीजं कमी झालेली असतात. म्हणून जे करायचं ते किमोआधीच. स्त्रीबीजं गोठवायची सोय नागपुरात आहे. गोसेरेलिनचं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी पोटावर देतात, ते किमोच्या आधीपासून दिलं तर बीजकोश निकामी होण्याचा धोका कमी होतो, असं 2015 साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं आहे. आम्ही कापूसवाले, आम्हाला हे परवडायचं नाही, असं तुम्ही मनाशी ठरवून टाकलंत का? नसतं परवडलं तर ‘नाही’ मी म्हटलं असतं. तो नकार माझा होता, साहेब.

आता रात्री अंगातून वाफा निघतात, झोप उडते, योनीच्या कोरडेपणामुळे नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. मोठ्या जाऊबाईंची पाळी अजून चालू आहे, माझी गेली. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला निघाले, तर शेजारीण म्हणाली, ‘तुझं बरं बाई, आता कधीही देवळात जाता येतं.’ तिच्या मनात वाईट नव्हतं. मी मात्र पायरीवरूनच परतले.

किमोनंतर मला दिलेली टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असताना पाळी नसली तरी दिवस राहू शकतात, आणि ती गोळी गर्भाला घातक असते. हे मला एका नर्सताईंनी सांगितलं, तेही जाता जाता. दीड ते अडीच वर्षं अशी गोळी घेऊन मग काही काळ ती थांबवून मूल होऊ देणाऱ्या बायकांमध्ये पहिल्या काही वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालंय. पुढचं अजून तपासताहेत. पण निदान विचारता येईल, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

माझं व्हायचं ते झालं. पण आपल्याकडे हा आजार तरण्या बायकांनाही गाठतो, तुमच्या दाराशी त्या रोज येतात. पुढची आली की नवऱ्याला बाहेर थांबवा, तिला खुर्चीवर बसवा आणि पहिली सलाईन लावण्याआधी तिलाच विचारा: पाळी कशी आहे, मूल हवंय का, काय काय होईल ते सांगू का?

आपली,
केळापूर तालुक्यातली एक पेशंट